बाजूची सीट

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तर मला कधी जमलंच नाही, तेवढं सांभाळून घ्या. चौथीनंतर शाळा सुटली, पुढे पेन हातात आलं ते सहीपुरतंच. ओळी सरळ ठेवायच्या म्हटलं तरी उताराला लागल्यासारख्या खाली जातात. पण एक वास इतके दिवस मनात भरून राहिला आहे की तो कुठेतरी उतरवून ठेवावा असं वाटतं, आणि बोलून दाखवणं मला लिहिण्याहूनही कठीण.

तो वास जुन्या गाडीच्या केबिनचा. दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडलं की आतून एक गरम श्वास अंगावर येतो. त्यात डिझेल असतं, तापलेलं रेक्झिन असतं, कधीकाळी सांडलेला चहा असतो, उदबत्तीची राख असते, कोणाच्या तरी केसांचं तेल असतं. नव्या गाडीला नवेपणाचा वास येतो म्हणतात, पण तो सगळ्या गाड्यांना एकसारखाच येत असणार. जुन्या गाडीचा वास मात्र प्रत्येकीचा निराळा, जसा प्रत्येक घराचा निराळा. त्या वर्षी आम्ही तीन जुन्या पिकअप पाहिल्या. नंबर मी विसरले, किमती विसरले. वास तेवढे राहिले.

हे, म्हणजे माझे यजमान, पहिल्यापासून दुसऱ्यांच्या गाड्या चालवत आले. आमच्या गास गावच्या वाड्यांमधली भाजी, केळीचे घड, नारळ बाजारात पोचवायचे. गाडी मालकाची, भाडं मालकाचं, यांच्या हाती रोजंदारी. आपली स्वतःची पिकअप असावी, जुनी का असेना पण चांगली दणकट, चाकांवर जाड पाट्यांची, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांची, दीड टन माल घातला तरी कमरेत न वाकणारी, एवढंच यांचं स्वप्न. स्वप्नाला पैसे लागत नाहीत, गाडीला लागतात. ते वन्संनी दिले.

वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण. सातिवलीला एका गाळ्यात डब्यांची झाकणं बनतात, तिथे उभं आयुष्य उभ्याने काढलं त्यांनी. काम सोडताना जी रक्कम हातात आली ती घराच्या छपरासाठी राखून ठेवलेली. त्यांच्या खोलीवरचे पत्रे गंजून चाळण झालेले, त्यावर निळी ताडपत्री, आणि ताडपत्री उडू नये म्हणून वर विटा. ते छपराचे पैसे त्यांनी भावापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "छप्पर थांबेल एखाददोन पावसाळे. पण गाडी सुमनने पसंत करायची, तू नाही. तुला रंग दिसतो, पत्रा दिसत नाही." नवा रंग बघून यांनी एकदा स्कूटर घेतली होती. तिच्यावर आता आमच्या कोंबड्या बसतात.

मला मात्र धडकी भरली. वाण्याच्या दुकानात साखर मागताना माझा शब्द घशात अडकतो. मी गाडी काय बघणार? आणि चुकले तर चूक माझी, छप्पर वन्संचं.

पहिली गाडी सातिवलीच्याच रस्त्यावर, जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात पाहिली. गाडी अशी चकाकत होती की तिच्यात माझी साडी दिसत होती. शेठ बोलायला लागला तो थांबेना. "भाऊ, एक नंबर गाडी. सिंगल हँड. समजा, देवघरात ठेवली होती." मग त्याने किंमत सांगितली. यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणून शेठनेही बघितलं, आणि मी लाजून टायरकडे बघितलं. शेठ म्हणाला, "बरं, वहिनींसाठी दहा कमी." माझ्या घशाला कोरड पडली होती, पाणी मागावं की नाही याच विचारात मी होते. "वहिनी, हसा तरी. अजून पाच सोडले." मी पदर नीट केला. त्याने कपाळाला हात लावला. "भाऊ, तुमची मिसेस लई कडक आहे हो. यांना आणायचं नव्हतं."

घरी येताना हे वाटभर हसत होते. "लहानपणापासून तुला लोक मुकी म्हणत आले. तोंड न उघडता पंधरा हजार खाली आणलेस." मलाही हसू आलं. खरंच, न बोलण्यालाही भाव असतो, आणि तो समोरचाच ठरवतो, असं तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण मी यांना म्हटलं, ती नको. का नको, ते नीट सांगता आलं नाही. एवढंच दिसलं होतं, की ड्रायव्हरच्या सीटचा स्पंज नव्या कव्हराखालूनही खचलेला कळत होता, आणि बाजूची सीट कोरीच्या कोरी होती. इतकी वर्षं पळालेल्या गाडीत बाजूला कोणी बसलंच नव्हतं. ते बघून मला उगाच उदास वाटलं.

त्या दिवसांत वाडीत मेथी खुडताना माझं मन गाड्यांच्या मागे मागे जायचं. या गाड्या कुठून कुठे गेल्या असतील? मागच्या एकाच हौद्यातून सकाळी रेती गेली असेल, संध्याकाळी लग्नाची भांडी. एखाद्या घराने खोली बदलली असेल, आणि कपाट, गाद्या, तुळशीची कुंडी यांच्यामध्ये आरसा उताणा ठेवला असेल, आणि त्या आरशात आभाळ बसून प्रवास करत गेलं असेल. हौद्याला कशाचंच काही नाही. माल उतरला, फाळका उघडून झाडून घेतलं, की पुढच्या मालाला तो मोकळा. माणसाचं मन असं झाडून का घेता येत नाही? माझ्या मनाच्या कोपऱ्यात तर वन्संची ती निळी ताडपत्री सतत फडफडत असायची.

दुसरी गाडी कळंबला. सुरूच्या झाडांखाली उभी होती, पलीकडे समुद्राचा आवाज, वाऱ्यात मासळी आणि मीठ. मालक कोळी, तरणा, मोकळ्या स्वभावाचा. किंमत तर इतकी कमी की यांचे डोळेच लकाकले. मी हौद्यात वाकून बघितलं. बर्फाच्या पाण्याने आणि खाऱ्या हवेने तळाचा पत्रा खाल्ला होता. एका भोकातून खालची वाळू दिसत होती, आणि त्या वाळूवरून एक एवढासा खेकडा तिरका तिरका पळत गेला. किती वेळ मी त्या भोकातून बघत राहिले कोण जाणे. मालक म्हणाला, "काकी, दर्याकाठची गाडी ती, खारं पानी लागनारच. पत्रा मारा, चालंल." मला ती गाडी आवडली होती, त्या खेकड्यासाठी आवडली होती. पण एक भोक वन्संच्या डोक्यावर होतंच, त्या पैशांनी दुसरं विकत कसं घ्यायचं?

तिसरी गाडी विरारच्या पुढे एका वाडीत भेटली. म्हातारा-म्हातारी दोघंच, स्वतःची केळी आणि पालेभाजी स्वतः बाजाराला नेणारी. आता म्हाताऱ्याला डोळ्यांनी कमी दिसत होतं म्हणून विकायला काढलेली. गाडी भुरकट, ठिकठिकाणी रंग उडालेला, आरशाला क्रूस लटकणारी रोझरीची माळ. दार उघडलं तर आतून केळीच्या पानांचा ओला, हिरवा वास आला. आणि मी बघतच राहिले. दोन्ही सीटा सारख्या झिजल्या होत्या. ड्रायव्हरची जेवढी खचलेली, तेवढीच बाजूची.

म्हातारा म्हणाला, "ही माझ्या सोबत असायची रोज. गाडीत बसली की झोपते."

म्हातारी म्हणाली, "झोपते कसली? मी रस्ता बघायची. हा बघत होता कुठे?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मागचे पाटे थकलेत, बाई. हा सांगणार नाही, म्हणून मी सांगते."

मी त्या बाजूच्या सीटवर बसले. कोणाच्या तरी घरातली उबदार जागा आपल्यासाठी रिकामी करून द्यावी, तसं वाटलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, हे पहाटे जायचे आणि मी दारात उभी राहून गाडीचा मागचा लाल दिवा वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघायची. तो दिवा कुठे जातो, हे बघावं असं मला किती वाटायचं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

किमतीच्या वेळी हे मुद्दाम गप्प बसून माझ्याकडे बघायला लागले, सातिवलीसारखं होईल म्हणून. पण समोर म्हातारीही गप्प. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि किंमत जागची हलली नाही. शेवटी तीच नवऱ्याला म्हणाली, "दोन पाट्यांचे पैसे सोड त्यांना." मी यांना हळूच म्हटलं, "ही घेऊ." मग यांनी बोलावलेल्या मिस्त्रीने इंजिन बघितलं, ठीक म्हणाला, पाट्यांबद्दल म्हातारीसारखंच म्हणाला. पण खरं सांगते, तो यायच्या आधीच माझं ठरलं होतं.

वन्संनी विचारलं, "काय बघून घेतलीस?" मी म्हटलं, "बरी वाटली." दुसरं काय सांगणार? सीट झिजलेली बघून तुमचं छप्पर दिलं, असं सांगायचं?

आणि झालं तेच, ज्याची मला भीती होती. पैसे वाचवावे म्हणून पाटे लगेच बदलले नाहीत, आणि पावसाळ्याच्या तोंडाला, भरल्या गाडीचा पाटा रस्त्यात तुटला. केळीचे घड दुसऱ्याच्या टेम्पोत चढवावे लागले. दर महिन्याला वन्संचे थोडे थोडे पैसे फेडायचे ठरलेलं, त्या महिन्यात द्यायला काही उरलं नाही. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा बाहेर धार लागली होती. खोलीत एक पातेलं, एक बादली आणि एक वाटी अशा तीन ठिकाणी पाणी गळत होतं, तीन वेगळे आवाज येत होते. वन्संनी चहा टाकला. "पैशांचं सांगायला आलीस? तुझ्या तोंडावर दिसतंय. बस. मला आता हे टपटप ऐकल्याशिवाय झोप लागत नाही." त्या हसल्या. मी भरत आलेली वाटी बाहेर रिकामी करून परत जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून मी यांच्याबरोबर निघाले. हे म्हणाले, "तू कशाला? हमाल आहे ना." मी म्हटलं, "त्याचीच मजुरी वन्संना देऊ." घड उचलायला, दोरी ओढून बांधायला, जुड्या मोजून उतरवायला मी शिकले. वाडीत जन्म गेला, ओझ्याची भीती नव्हती. भीती माणसांची होती. पण बाजारात सगळे इतके घाईत असतात की लाजायला वेळच मिळत नाही. बाजूच्या सीटवर आता रोज मी असायची. पहाटेचं धुकं भातखाचरांवर बसलेलं असायचं, पिवळ्या दिव्यांखाली पाववाल्याची सायकल दिसायची, चर्चच्या पायऱ्या ओल्या असायच्या, आणि मागे हौद्यात केळीची पानं वाऱ्याने सळसळायची. मी जागी आहे की स्वप्नात, असं कितीदा वाटायचं. हे विचारायचे, "झोपलीस?" मी म्हणायची, "नाही. रस्ता बघतेय."

असे दोन पावसाळे गेले. दुसऱ्याच्या शेवटी, ऊन पडलं होतं त्या सकाळी, मी उरलेली रक्कम घेऊन वन्संच्या दारात उतरले. हे गाडीतच थांबले. वन्सं तांदूळ निवडत होत्या. मी नोटा त्यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, "मोजून घ्या, वन्सं. एवढेच राहिले होते."

त्यांनी हात पुसले. "तू मोजलेस ना?"

"हो."

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि नोटा डब्यात ठेवून डब्याचं झाकण घट्ट लावलं. "पत्रेवाल्याला आजच बोलावते. तुम्ही निघा, तुमचा माल सुकेल."

मी येऊन गाडीत बसले. यांनी गाडी चालू केली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतके दिवस मी त्या सीटच्या अगदी कडेवर बसत आले होते, परक्या घरी बसतात तशी, पाय खाली घट्ट रोवून.

"काय म्हणाली?" यांनी विचारलं.

"झालं म्हणाल्या," मी म्हटलं, आणि पाठ टेकली.