गिरवलेला डोंगर

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं डोंगर काढले आणि एकही पाहिला नाही. खोटं वाटेल, पण नकाशांच्या कचेरीत ते ट्रेसर होते. मोजणीची माणसं उन्हातान्हात रानोमाळ हिंडून कच्चे कागद आणायची. हे त्यावर पातळ कागद ठेवायचे आणि शाईने रेष न् रेष गिरवायचे. छापील नकाशाच्या कोपऱ्यात मोजणाऱ्याचं नाव, तपासणाऱ्या साहेबाचं नाव. गिरवणाऱ्याचं नाव घालायची पद्धतच नव्हती. मी चिडायचे. ते म्हणायचे, "अगं, जमीन काय मी शोधलीय?" पण ते त्यांना सलायचं, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक.

बैठकीच्या खोलीत त्यांनी गिरवलेला एक नकाशा टांगलाय. एक मोठा डोंगर, उंचीच्या रेषा केसासारख्या बारीक. तो डोंगर आमच्या घरापासून बसने पाच तासांवर. "एकदा जाऊ या," म्हणून म्हणून माझी जीभ झिजली. दरवेळी एकच उत्तर, "दुरून डोंगर साजरे. आणि तो मला पाठ आहे. त्यात बघायचं काय?"

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आतली नस सुकत चाललीय. कडेकडेने दिसेनासं होत जाईल, शेवटी मधलं थोडं उरेल, मग तेही नाही. औषधाच्या थेंबांनी वेग कमी होईल, थांबणार नाही. तीन वर्षं, फार तर चार.

त्याच सुमारास लेक सुट्टीला आली आणि तिने लॅपटॉपवर एका येऊ घातलेल्या गेमची जाहिरात दाखवली. यान घेऊन अंतराळात जायचं, वाटेल त्या ग्रहावर उतरायचं. अब्जावधी ग्रह, एकासारखा दुसरा नाही. तुम्ही उतराल तिथे तुमच्याआधी कोणाचंही पाऊल पडलेलं नसेल, असं तो जाहिरातवाला छाती ठोकून सांगत होता. हे खुर्ची ओढून पुढे सरकले.

"मग तिथले नकाशे?"

"नाहीतच बाबा. तुम्हीच काढा की," लेक चेष्टेत म्हणाली.

झालं! तिने केली चेष्टा आणि ह्यांनी मनाशी गाठ मारून ठेवली. नजर जायच्या आत एक नकाशा असा काढायचा, जो कोणावरून गिरवलेला नाही, आणि त्याच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव घालायचं. एवढंच हवं होतं त्यांना. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तेही साठीच्या पुढे! कोरा कागद आणला, जुनी पेनं कोमट पाण्यात धुतली. लेकीने गेम खेळायचं मशीन पाठवलं, त्याचा दोन हातांत धरायचा रिमोट घेऊन हे बसल्या बसल्या अंगठ्यांची कसरत करायचे. मी म्हणायचे, म्हातारपणी सवत आली घरात.

गेम मात्र येईना. आधी सहा महिने पुढे गेला, मग आणखी एक वर्ष. आणि तिथेच ह्यांचं डोकं फिरलं. शाई पुरवून वापरायची जन्माची सवय, त्यांना वाटलं डोळेही तसेच पुरवता येतील. पेपर बंद, टीव्ही बंद. दुपारभर डोळ्यांवर ओलं फडकं टाकून पडायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, बघितल्याने नजर खर्च होत नाही. उलट आहे तोवर सगळं बघून घ्या." ऐकतील तर शपथ! नात झाली, तिचे फोटो मी पुढे धरले, तर म्हणाले, "नंतर बघतो." मी कडाडले, "अहो, ती काय नंतर एवढीशीच राहणार आहे?" डोंगराची तिकिटं काढली होती, तीही रद्द करायला लावली. मी आठ दिवस अबोला धरला. अबोला कसला धरला, हात धरून ओढत न्यायला हवं होतं मी.

अखेर गेम आला. पहिल्या दिवशी त्यांचा चेहरा पाहिला आणि माझा राग पळाला. पडद्याला नाक लावून त्यांनी यान खाली उतरवलं. लाल माती, जांभळं आकाश. हळूच म्हणाले, "इथे कोणी आलेलं नाही गं." मग अकरा दिवस, दुपारी दोन ते पाच, पावलं मोजत एक टेकडी आणि तिच्या पायथ्याची दरी त्यांनी कागदावर उतरवली. आधी पेन्सिलने, मग शाईने. बाराव्या दिवशी दुसऱ्या ग्रहावर गेले. तिथे सगळं हिरवं. पुन्हा कागद, पुन्हा मोजणी. नवव्या दिवशी हात थांबला.

"ही दरी माझ्या हाताला ओळखीची वाटतेय."

मला खिडकीशी बोलावलं. दोन्ही कागद काचेवर एकावर एक धरायला लावले, बाहेर ऊन होतं. वरचा कागद त्यांनी जरा फिरवला, आणखी फिरवला, आणि रेषांवर रेषा बसल्या. हाताची थरथर सोडली तर फरक नाही. तीच टेकडी, तीच दरी, फक्त फिरवून हिरवी रंगवलेली.

"बघ," ते म्हणाले, "ह्या गेमवाल्यांनीही गिरवलंच आहे."

मी त्या कंपनीचा उद्धार केला. नाव मोठं, लक्षण खोटं! लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "आई, सगळेच चिडलेत. लोक पैसे परत मागतायत. पण कंपनी म्हणतेय, सुधारू, दोन वर्षांत खूप काही नवीन घालू." फोन स्पीकरवर होता.

"दोन वर्षं मी कुठून आणू?" हे म्हणाले. रागाने नाही, विचारावं तसं विचारलं. लेक पलीकडे रडायला लागली. त्यांनी पेनांना टोपणं लावली. पहिल्या कागदाचा कोपरा नावासाठी सोडला होता, तो कोराच राहिला.

पुढचे सहा महिने नजर भराभर उतरली. एक दिवस आपणहून म्हणाले, "तिकिटं काढ."

बस जिथे थांबते तिथे दगडी कठडा आहे, त्याला धरून त्यांना उभं केलं. समोर अख्खा डोंगर उन्हात उभा. त्यांना तेव्हा नाण्याएवढं दिसत होतं, तेही धुरकट. डोंगर त्यात मावेना.

"सांग तू," म्हणाले.

मी काय सांगणार, मला कुठे असलं बोलता येतं! "डावीकडे उतार आहे. मग एकदम कडा."

"बरोबर. पुढे खिंड."

"खिंड आहे. आणि कड्याच्या टोकाला एक झाड आहे."

"झाड? माझ्या नकाशात झाड नाही."

"नसेल. मला दिसतंय ना! एकटंच आहे. वाकडं."

मग त्यांचं बोट कठड्याच्या दगडावर फिरायला लागलं. "कुठल्या बाजूला वाकलंय?"

"उजवीकडे."

"किती?"

ते काही मला सांगता येईना. ते तिथेच, लोकांसमोर रडायला लागले. "हे बघायचं होतं गं मला. आणि मी डोळे राखत बसलो." मलाही रडू आवरेना. रागवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मी त्यांचं बोट हातात धरलं आणि ते झाड वाकलंय तसं दगडावर काढून दाखवलं. चुकलं. पुन्हा वर बघितलं आणि पुन्हा काढलं.