दुधनीच्या दोन जावा

सोलापुरातल्या एका दवाखान्यात, कॅन्सरच्या विभागात, मी नोंदी ठेवायचं काम करते. आलेल्या बाईची फाईल उघडायची. गाठ कधी लागली, दाखवायला कधी आली, ऑपरेशन कधी झालं, सगळं लिहायचं. काही वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टरबाईंनी माझ्यापुढे एक नवा फॉर्म ठेवला. स्तनाच्या कॅन्सरमधून कोणत्या बायका तरल्या आणि कशामुळे तरल्या, ते त्यांना शोधायचं होतं. उपचार संपून पाच वर्षं झालेल्या प्रत्येकीला मी फोन करायचा आणि शेवटचा रकाना भरायचा: हयात की मयत.

पहिल्याच फोनला माझी जीभ अडखळली.

"दवाखान्यातून बोलतेय. तुम्ही... म्हणजे... आहात ना?"

"मी नसते तर फोन कुणी उचलला असता?" पलीकडच्या बाई म्हणाल्या. "चित्रगुप्ताच्या हाफिसातनं बोलताय का काय?"

आम्ही दोघी इतक्या हसलो, की शेजारच्या टेबलावरची मंडळी वळून बघायला लागली. त्यानंतर मी नुसतं "तब्येत कशी आहे?" एवढंच विचारू लागले.

सगळेच फोन असे नव्हते. अकलूजच्या एका शिक्षिकेचा फोन त्यांच्या मिस्टरांनी उचलला. बाई जाऊन दोन वर्षं झाली होती. "गाठ तिला दिवाळीतच लागली होती," ते म्हणाले. "दहावीचा वर्ग होता. परीक्षा होऊ द्या म्हणून कुणाला सांगितलंच नाही तिनं. मलासुद्धा." मग ते तिच्या वर्गाबद्दल, तिच्या अक्षराबद्दल बोलत राहिले. मी पेन खाली ठेवून ऐकत बसले.

त्या दिवशी मी डॉक्टरबाईंना विचारलं, "शिकलेली बाई, घरात सगळं व्यवस्थित, मग असं कसं?"

"गाठ लहान असताना आली का, काखेत पसरली होती का, गाठीची जात कुठली आणि उपचार पुरे केले का," त्या म्हणाल्या. "बरंचसं यावर ठरतं. आणि सगळं वेळेत करूनही काहीजणी जातात. ते आपल्या हातात नसतं. पण लवकर येणं आणि मधेच न सोडणं, हे दोन असतं हातात. ते कुणाला जमतं आणि का जमतं, तेच तर शोधतोय."

यादीत पुढे कर्नाटकाच्या सीमेजवळच्या दुधनी गावच्या एक बाई होत्या. त्यांचा नंबर बंद होता. फाईल बघायची मला गरजच नव्हती. त्या आणि त्यांची थोरली जाऊ अशा जोडीनं यायच्या, आणि विभागातलं कुणी त्या दोघींना विसरलं असेल असं मला वाटत नाही.

पहिल्यांदा आल्या तेव्हा दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. मी नाव विचारलं तर धाकटी गप्प. थोरलीनं तिच्याकडं न बघता मला सांगितलं, "यांचं नाव यांनाच इचारा. आमचं बोलणं न्हाय."

"आणि सोबत आलात?"

"मग? एकटी कशी जाईल?"

धाकटीला आत तपासायला नेलं तेव्हा थोरलीनं सगळी हकीकत सांगितली. अंगण एक, चुली दोन. अकरा वर्षांपूर्वी एका पाहुण्यांच्या पंगतीत थोरली सर्वांसमक्ष म्हणाली होती, की धाकटीच्या भाकरी जाड होतात. तेव्हापासून अबोला. काही सांगायचंच असलं तर दावणीच्या म्हशीला सांगायचं, म्हणजे दुसरीला ऐकू जाई.

"ती सारखी इथं हात लावायची," थोरलीनं पदरावरून छातीकडं बोट दाखवलं. "कुणी बघत न्हाय असं बघून. पण मी बघत हुते की! जिच्यासंगं बोलणं न्हाय, तिच्याकडं बघणं लई हुतं बाई. चार दिस बघितलं. मग म्हशीला म्हणलं, हिच्या छातीत काय तरी हाय, आणि ही कुणाला सांगना. दुसऱ्या दिशी चपला घालून दारात उभी ऱ्हायले. म्हशीला म्हणलं, सकाळच्या गाडीनं सोलापूरला जायचं हाय."

गाठ सुपारीएवढी होती. काखेत फारसं काही नव्हतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "इतक्या लवकर कशा आलात?" धाकटी मान खाली घालून म्हणाली, "म्हशीनं सांगितलं." आणि तोंडाला पदर लावून हसली. बिचाऱ्या डॉक्टरबाई माझ्याकडं बघत राहिल्या.

ऑपरेशन झालं. मग दर तीन आठवड्यांनी केमोचं सलाईन लावायला दोघी रेल्वेनं यायच्या. निरोप्याचं काम म्हशीकडून माझ्याकडं आलं. "यांना सांगा, जरा खाऊन घ्या." "यांना सांगा, माझ्या तोंडाला चव न्हाय." मी मधे बसून इकडचं तिकडं करायची.

तिसऱ्या सलाईनला कुणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी फोन लावला. थोरलीनं उचलला.

"ती येत न्हाय म्हणती. केस गेले तिचे. बारशाला गेली हुती, तितं बायका टकामका बघाय लागल्या. तवापासनं दार लावून बसलीया."

"मग तुम्ही समजवा ना."

"मी? आमचं बोलणं..."

"अक्का," मी म्हटलं, "हे मधेच सोडलं तर आत्तापर्यंतचं सगळं वाया जाईल. आता म्हशीला सांगून भागायचं नाही."

पलीकडून फोन ठेवला गेला. आपण जास्त बोललो की काय, या विचारानं मी दिवसभर अस्वस्थ होते.

दोन दिवसांनी सकाळी दोघी हजर. धाकटीनं डोक्याला सुती रुमाल घट्ट बांधलेला. थोरली माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "हिचं नाव लिवा." 'यांचं' नाही, 'हिचं'. मी लिहिलं. सलाईन लागल्यावर मी हळूच धाकटीला विचारलं, "काय झालं हो?"

"दाराभाईर उभी ऱ्हायली," ती म्हणाली. "किती तरी येळ नुसती उभी. मग म्हणाली, तुझ्या भाकरी जाड नव्हत्या. माझं चुकलं. आता दार उघड." तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "काय करू मग? उघडलं दार."

त्यानंतर एकही सलाईन चुकलं नाही. पुढं रेडिएशनचे, म्हणजे विजेचे, शेक झाले. रोजची गोळी सुरू झाली, ती पाच वर्षं घ्यायची होती. वर्षभर त्या तपासायला येत राहिल्या, आणि मग यायच्या बंद झाल्या.

म्हणून तो नंबर बंद लागला तेव्हा मला फार लागलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "संपर्क नाही, असं लिही." माझ्या हातून ते लिहवेना. रविवारी सुट्टी होती. मी दुधनीची गाडी पकडली.

स्टेशनवरून विचारत विचारत गेले. भुसार बाजारात तूर चाळायला बसलेल्या बायका दिसल्या. त्यांतल्या एकीकडं मी बघतच राहिले. डोक्यावर दाट काळेभोर केस, कपाळाला मोठं कुंकू, हातात चाळणी. ती धाकटीच होती, आणि तिनंच मला आधी ओळखलं.

"यव्वा! दवाखान्याच्या बाई! हितं कुटं?"

"तब्येत कशी आहे?" एवढं कसंबसं म्हटलं, तर तीच मला विचारू लागली, "तुमाला काय झालं? रडताय का?"

फोन म्हशीच्या पाण्याच्या टाकीत पडला होता, म्हणून नंबर बदलला. धाकटीची लेक गुलबर्ग्याला दिलेली, म्हणून तपासणी आता तिकडंच. आमच्या फाईलला यातलं काही माहीत नव्हतं. घरी नेल्यावर थोरलीनं मला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढली, वर तूप ओतलं, आणि मी फॉर्म काढला. उपचार पूर्ण? हो. गोळ्या नियमित? "हिच्या हातावर गोळी ठेवल्याबिगर मी चहा दिला न्हाय," थोरली म्हणाली. हयात? मी त्या रकान्यात इतकी जोरात खूण केली की कागद फाटायचा राहिला.

मग मी सहज विचारलं, "आणि अक्का, तुम्ही स्वतः कधी तपासून घेतलंत?"

थोरली एकदम भांड्यांकडं वळली. धाकटी उसळून म्हणाली, "बघा की! मला ओढत नेलं आणि सवता कधी गेली न्हाय. लई शाणी!" मग माझ्याकडं वळली. "आणि तुमी बाई? तुमी घेतलंय का तपासून?"

मी हुग्गीकडं बघत बसले. इतक्या बायकांना फोन केले, पण स्वतःचं दाखवायला मला कधी वेळ झाला नव्हता.

"म्हंजे दोगी सारख्याच," धाकटी म्हणाली. "मंगळवारी येतो. तुमी तयार ऱ्हावा."

मंगळवारी त्या खरंच आल्या. या वेळी धाकटी पुढं आणि थोरली मागं, चेहरा पडलेला. "दुखतं का गं?" तिनं तीनदा विचारलं. "गप बस," धाकटी म्हणाली, "मी हाय न्हवं." आधी थोरली आत गेली, मग मी. डॉक्टरबाईंनी दोघींनाही काही नाही म्हणून सांगितलं, आणि मला वरून वेगळं रागावल्या.

दुपारी मी अर्धी रजा टाकली आणि तिघी रिक्षानं नवी पेठेत गेलो. थोरलीला लेकीच्या डोहाळजेवणासाठी साडी घ्यायची होती. ती हिरवी म्हणत होती, धाकटी मोरपिशी. दुकानदारानं गादीवर पंधरा-वीस साड्या उलगडल्या, दोघींचे आवाज चढत गेले, आणि शेवटी दोघीही माझ्याकडं वळल्या. मी म्हटलं, मी यात पडणार नाही.