पांढऱ्या गिधाडाचं तपकिरी पिल्लू

मे महिन्यातला शेवटचा रविवार, सकाळी सात. निलंग्याबाहेरचा माळ, विजेचा मोठा टॉवर. हजर : आमच्या जनावरांच्या दवाखान्यात जखमा बांधणारे ड्रेसरमामा, दोन लाइनमन, तीन गुराखी आणि दवाखान्याची नोंदवही सांभाळणारी मी. काम : टॉवरवरचं घरटं पावसाळ्याआधी काढणं. मामांचा विरोध : घरटं गिधाडाचं आहे, पिल्लू उडेपर्यंत हात लावायचा नाही.

मामा आजारी जनावराच्या तोंडाआधी शेणाकडे बघत. म्हणत, "शेण खोटं बोलत न्हाई, मालक बोलतंय." म्हणूनच शेणात चोच घालणारं पांढरं गिधाड आधी त्यांनाच दिसलं. मेलेली ढोरं खाणारा पक्षी शेणही खातो म्हणून गुराखी नाक मुरडायचे. मामा सुनवायचे, "आरं, शेणातनंच त्याच्या तोंडावर हळद चढती. तू काय लावतूस तोंडाला?"

घरट्याला मऊ अस्तर लागतं. दवाखान्याच्या मागच्या अंगणात धुऊन वाळत घातलेल्या जखमेच्या पट्ट्या एकेक करून नाहीशा झाल्या. मामांनी माझ्याकडून नोंद करून घेतली : "पट्ट्या सहा, गिधाडाने नेल्या." डॉक्टरसाहेबांनी त्यावर सहीही केली. नर-मादी पाळीपाळीनं अंड्यावर बसत, तेव्हा मामा गुराख्यांना विचारत, "बाप बी बसून राहिलाय बघा. तुम्ही कधी पाळणा हलवला का?"

त्या रविवारी मात्र थोरला लाइनमन दोर खांद्यावर टाकून हसला. "मामा, फसलाव! वर काळपट पिल्लू हाय. घारीचं घरटं हाय हे. गिधाड तर पांढरं असतंय."

"तुझं पोरगं मिशा घेऊन जन्मलं होतं का? तासभर बस."

तो बसला. पाऊण तासानं पिवळ्या तोंडाचं पांढरं गिधाड उतरलं आणि त्या काळपट पिल्लाला भरवू लागलं. लाइनमननं दोर खाली ठेवला. "पटलं मामा. उडेपर्यंत हात लावत न्हाई."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पिल्लानं काठावरून अंग सोडलं. आधी खाली गेलं, मग वाऱ्यावर आलं आणि सगळ्या माळाला फेरी मारली. सगळ्यात मोठी शिट्टी लाइनमनची होती. मामांनी भर उन्हात टोपी वर फेकली.

निवृत्त होऊन मामा नांदेडला लेकीकडे गेले. जाताना म्हणाले, "बाई, पांढरं व्हायला त्याला पाचेक वर्षं लागतेत. तेवढं बघा."

हे चौथं वर्ष. परवा टॉवरवर एक मळकट पांढरा पक्षी होता, तोंड फिकट पिवळं. आपलंच पिल्लू का, हे ठरवायचं राहिलंय. म्हणून मामांना अजून फोनही केलेला नाही.