बाभळीच्या डावीकडे, तीन मुठी वर

भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि देवरुष्यांवर तर त्याहून नाही. या सदरात लोकांना भेटते ती पांढऱ्या साडीतली बाई मला सत्तर वर्षांत एकदाही भेटली नाही, आणि मी काही घरकोंबडा नव्हतो. तरी आज लिहायला बसलोय, कारण मागच्या अंकात एका गृहस्थांनी यूएफओबद्दल लिहिताना ठोकून दिलंय की असलं काही बघणारे एकतर खोटारडे, नाहीतर अर्धवट. माझी धाकटी बहीण हौसा यातली कुणीच नव्हती. तिचं नाव घेतलंय तर आता सगळंच सांगतो.

आधी माझ्याबद्दल. आमचं गाव कोरेगावजवळ. दुसऱ्या महायुद्धात मी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर विमानविरोधी तोफांवर होतो. काम एकच — आभाळाकडे बघायचं आणि जे दिसेल ते सांगायचं. 'काय वाटलं ते नको, काय दिसलं ते सांग' हे वाक्य आमच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलेलं. हात लांब करून मूठ धरायची, क्षितिजापासून वस्तू किती मुठी वर आहे ते मोजायचं. दिशा कुठली, आकार केवढा, आवाज कसा... चुकलात तर आपलंच विमान पाडाल. शेकडो विमानं पाहिली मी अशी. त्यामुळे आभाळातल्या गोष्टीत मला कुणी फसवू शकत नाही, असा माझा तोरा होता.

हौसा दिली होती आटपाडीकडे. घर खाऊनपिऊन सुखी. माणसं तीनच — हौसा, तिचा नवरा श्रीपती आणि सासू. श्रीपती सरळ माणूस, आईपुढे मात्र 'ब्र' न काढणारा.

ही गोष्ट १९४७ सालच्या फाल्गुनातली. ज्वारीची मळणी संपली होती. दुपार कलती झालेली, वारा चांगला सुटलेला. श्रीपती खाली बसून रास मोजत होता. हौसा वावडीवर — म्हणजे उफणताना उभं राहायच्या त्या उंच तिवईवर — उभी राहून शेवटचं उरलंसुरलं वाऱ्यावर सोडत होती. सासू राशीला नैवेद्य मांडत होती. दोन गडी पोती धरून उभे होते.

रास मोजताना आमच्याकडे एक रीत असते, ती शहरातल्या वाचकांना ठाऊक नसेल. मोजणारा 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मग दोन, तीन असं पुढे. आणि त्या आकड्यांखेरीज खळ्यावर कुणी अवाक्षर काढायचं नाही. बोललं तर बरकत जाते, म्हणतात.

त्या शांततेत हौसा एक हात वर करून ओरडली, "आवं, वर बघा की!"

श्रीपतीची मोजणी चुकली. पुन्हा 'लाभ'पासून सुरुवात करावी लागली. सासूनं वर बघायचं सोडून सुनेकडे बघितलं. हौसा म्हणाली, "तांब्याचं ताट हाय आभाळात." पुढचं तिला कुणी बोलूच दिलं नाही. एवढ्यावर मिटलंही असतं, पण पाचव्या दिवशी त्यांचा बैल मेला. धडधाकट बैल, सकाळी उठलाच नाही. झालं... देवरुषी आला, 'हिच्या डोळ्यातनं काहीतरी घरात उतरलंय' म्हणाला, तिला मिरच्यांच्या धुरीवर धरलं. पुढच्या आठवड्यात श्रीपती तिला आमच्या दारात सोडून गेला. चहासुद्धा घेतला नाही. मागोमाग सासूचा निरोप आला — श्रावण लागायच्या आत देवळात भावकीसमोर उभं राहून 'मी खोटं बोलले' म्हणायचं, मग नांदायला यायचं. नाहीतर काडीमोड.

मी तिला तेव्हा काय म्हणालो ते लिहायची आजही लाज वाटते. म्हणालो, "मग म्हणून टाक की. संसार मोठा का ते ताट मोठं?"

ती भाकरी थापत होती. थापतच म्हणाली, "दादा, आज ह्ये खोटं म्हणून सांगितलं, तर उद्या माझं कंचं खरं मानत्याल ती माणसं?"

मी वही काढली.

एखाद्या पहारेकऱ्याला विचारावं तसं तिला विचारलं. चार दिवस, उलटसुलट. उत्तर एकदाही बदललं नाही. खळ्यावरून समोर डोंगराची कड दिसते, तिच्यावर एकच बाभूळ. वस्तू आधी त्या बाभळीच्या बरोबर वर होती, मग हळूहळू डावीकडे सरकली, एक मूठभर अंतर जाऊन थांबली. उंची कडेपासून तीन मुठी. आकार लांब धरलेल्या अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा. आवाज नाही. आणि एक गोष्ट तिनं आपणहून सांगितली — "वारं पडलं, दादा. भुसा सरळ माझ्या पायावर पडाय लागला. म्हणून तर मी वर बघितलं." थोड्या वेळानं वारा आला, आणि वर बघते तर काही नाही.

मी एकेक शक्यता घेतली आणि तिच्या मागे लागलो. विमान? ते एका जागी उभं राहत नाही, आणि गुपचूप तर मुळीच नाही. दिवसा दिसणारा शुक्र? तो टाचणीच्या डोक्याएवढा, त्याला कुणी ताट म्हणणार नाही. वेधशाळेचा फुगा? हे मला सगळ्यात पटत होतं. पण फुगा वर वर जात बारीक होतो, आणि वारा पडल्यावर आडवा सरकेल कशानं? मृगजळ कडेला चिकटून असतं, तीन मुठी वर नाही. ढग म्हणावा तर ढगाला तांब्याचा रंग सूर्य वर असताना कुठून येणार? घार, गिधाड, पतंग, उन्हानं डोळ्यापुढे आलेली अंधारी... अंधारी म्हणावी तर ती बाभळीपाशी सुरू होऊन मूठभर अंतरावर शिस्तीत थांबली कशी?

राहिला एकच मार्ग. दुसरा साक्षीदार शोधायचा. आटपाडीजवळ माझ्या पलटणीतला एक दोस्त होता. ज्येष्ठात त्याच्याकडे जाऊन राहिलो आणि आजूबाजूची सात गावं पायी पालथी घातली. मळे, वस्त्या, धनगरांचे वाडे, सगळीकडे एकच प्रश्न. सगळ्यांचं एकच उत्तर, "न्हाई बा." एकानं तेवढी तयारी दाखवली. म्हणाला, "च्या पाजा गड्या, मी दोन ताटं बघितली म्हणून सांगतो." साक्षीदार काही मिळाला नाही.

आषाढात वर्तमानपत्रात बातमी वाचली — अमेरिकेत आकाशात उडत्या तबकड्या दिसल्या म्हणे. मी हौसाला वाचून दाखवली. तिनं शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "म्हंजी आपल्याकडं आधी आलं म्हणायचं." आम्ही दोघंही हसलो. पण हसून काय उपयोग, श्रावण दहा दिवसांवर आला होता.

मग मी ठरवलं की आता थेट खळ्यावरच जायचं. एका सुभेदारसाहेबांकडून होकायंत्र मागून घेतलं. सासूनं भावकी देवळात बोलावली होती, त्याच्या आदल्या दिवशी पोचायच्या बेतानं हौसाला घेऊन सर्व्हिस मोटारीनं निघालो. वाटेत ती एवढंच म्हणाली, "दादा, मी खोटं म्हणणार न्हाई. आधीच सांगत्ये." मी म्हणालो, "मी तुला सांगणारही नाही."

सासूबाईंना म्हटलं, "मावशी, उद्या देवळात काय व्हायचं ते होईल. आज मला खळ्यावर अर्धा दिवस द्या." त्या म्हणाल्या, "घ्या की पावणं. मोजून बघा आभाळ." टोमणा झोंबला, पण घेतला गिळून.

खळ्यावर मी हौसाला लांब लिंबाखाली बसवलं, तोंड उघडायचं नाही असं बजावून. त्या दिवशी ती वावडीवर ओरडली तेव्हा तिचा हात कुठं होता, एवढंच मला प्रत्येकाकडून हवं होतं. ती नेम धरून दाखवत होती की भिरभिरत होती, ते कळलं असतं. सासूबाईंनी हात सरळ डोक्यावर केला. "असं वर. मी कशाला बघू? मी नैवेद्य मांडत व्हते." एका गड्यानं मावळतीकडे दाखवलं, दुसऱ्याला आठवेना. मग श्रीपती आला.

"दाजी, तुम्ही रास मोजत होता तिथंच बसा. तिचा हात कुठं होता ते दाखवा."

"मी खाली बघत व्हतो, पावणं."

"अंदाजानं दाखवा."

तो बसला. क्षणभर कडेकडे बघत राहिला. मग त्यानं हात उचलला. बाभळीच्या बरोबर वर नेला आणि तिथून हळूच डावीकडे सरकवत आणला. थांबवला.

मी त्याच्या मागे उभा राहून मूठ धरली. तीन मुठी. होकायंत्र लावलं. बाभळीपासून दहा अंश डावीकडे, म्हणजे एक मूठ.

सात गावं हिंडलो होतो मी, आणि साक्षीदार या घरातच होता. मी वही मिटली आणि म्हणालो, "दाजी, हौसाचा हात एकदाच वर झाला होता. आणि तुम्ही तर खाली बघत होता. मग तुमचा हात सरकला कशाला? ते ताट सरकलं, हे तिनं माझ्याखेरीज कुणालाच सांगितलेलं नाही."

श्रीपतीचा हात तसाच वर राहिला. सासूबाई म्हणाल्या, "आरं, बोल की."

"व्हय," तो म्हणाला. "बघितलं मी."

हौसा लिंबाखालून उठून आली. मला वाटलं रडेल, पण तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. "मग धुरीवर धरली मला तवा का न्हाई बोललात?"

त्यानं हात खाली घेतला. "त्या दिवशी रास चालली व्हती, रीत म्हणून गप बसलो. मग बैल मेला, आईला भ्यालो. आन् तुला म्हायेरी घालवल्यावर... बोलायची लाजच वाटाय लागली. रोज वाटायचं उद्या सांगू."

मला त्याचा भयंकर राग आला. तसा कुणाचाच आला नव्हता, समोरच्या शत्रूचासुद्धा नाही. पण बोलायचा हक्क हौसाचा होता. ती म्हणाली, "उद्या देवळात मी जिथं हुभी राहणार व्हते, तिथं तुमी हुभं राहा. आन् काय ते सगळ्यांम्होरं सांगा. मग मी ठरवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात सगळी भावकी जमली. हौसा बायकांत बसली, मी दाराशी. सासूबाई खांबाला टेकून खाली मान घालून होत्या. श्रीपती मध्ये उभा राहिला. आवाज सरळ आला. "हौसा खरं बोलली. मी बी बघितलं व्हतं. गप बसून खोटं वागलो त्यो मी."

मग भावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसानं विचारलं, "बघितलंस, ठीक हाय. पर काय व्हतं ती?"

श्रीपतीनं हौसाकडे बघितलं. तिनं मान हलवली नाही, पण डोळेही वळवले नाहीत.

"ठावं न्हाई," तो म्हणाला. "पर व्हतं."

हौसा त्या दुपारी श्रीपतीसोबत तिच्या घरी गेली, मी मोटारीनं परतलो. नंतर मी वेधशाळेला पत्रं लिहिली, उडत्या तबकड्यांवर मिळेल ते वाचलं, शिकलेल्या लोकांशी हुज्जत घातली. फुगा म्हणून बघितला, ग्रह म्हणून बघितला, विमान म्हणून तर कितीदा तरी. प्रत्येक वेळी काहीतरी उरतंच — कधी पडलेला वारा, कधी ते मूठभर सरकणं. त्या म्हाताऱ्यानं देवळात विचारलेला प्रश्न आज मला कुणी विचारला, तर श्रीपतीनं दिलं त्याहून वेगळं उत्तर माझ्याकडे नाही.