तीरथगढला राहिलेले गार्डसाहेब

पद्मिनीबाई वाटकरांनी आपल्या नवऱ्याला कांगेर घाटीच्या जंगलात मुद्दाम सोडलं, ही कुजबुज रायपूरच्या समता कॉलनीत दोन पावसाळे पुरली. आधी ती सदर बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात बोलली गेली, मग भाजीच्या ठेल्यावर, मग हळदीकुंकवाला, आणि दर मुक्कामाला तिच्या अंगावर एकेक दागिना चढत गेला. कोणी म्हणे, बाईंनी ड्रायव्हरला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. कोणी म्हणे, सकाळी नवऱ्याच्या वाटचा डबा भरलाच नव्हता. एकीने तर त्या दिवशी बाईंच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज पाहिलं होतं. ती स्वतः सहलीला गेली नव्हती, पण तेजाला काय, ते लांबूनही दिसतं.

नरहरराव वाटकर म्हणजे उंची बेताची आणि आवाज बेफाम. रेल्वेत गार्ड होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात तेहतीस वर्षं एकट्याने काढली, कोळशाच्या गाड्या सिलतऱ्याकडे नेल्या आणि रिकाम्या परत आणल्या. पुढे छप्पन्न डबे आणि त्यातल्या एकालाही कान नाहीत. तेहतीस वर्षांत जे बोलायचं साठलं होतं ते सगळं त्यांनी निवृत्तीनंतर शारदा स्नेही मंडळाच्या डोक्यावर ओतलं.

हे मंडळ साठेक मराठी घरांचं. त्यातली निम्मी घरं भोसल्यांच्या वेळेपासून रायपूरला असलेली. त्यांना वाटतं, नागपूरचे भोसले गेले ते आपल्याला चाव्या देऊन गेले. उरलेली निम्मी वऱ्हाड-नागपूरकडून रेल्वे आणि कचेऱ्यांच्या नोकऱ्या धरून आलेली. अध्यक्षाची खुर्ची कायम पहिल्यांकडे. रेल्वेवाल्याने सतरंज्या घालाव्या, सहली काढाव्या, हार आणावा. हार घालून घ्यायला मान पहिल्यांची. त्या वर्षी चष्मेवाले अनंतराव पुन्हा उभे राहिले होते आणि त्यांच्यासमोर, मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा, एक गार्ड उभा होता. निवडणूक सहलीनंतरच्या रविवारी. नरहररावांना ती खुर्ची इतकी हवी होती की आंघोळीच्या पाटावरही ते अध्यक्षासारखे बसू लागले होते.

त्यांच्या हातात हुकमाचं पान एकच होतं, पावसाळी सहल. अकरा वर्षं दर ऑगस्टमध्ये ते मंडळाला जंगल दाखवायला नेत. आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की पावसाळ्यात अभयारण्यं बंद असतात. त्यामुळे अकरा वर्षांत मंडळाने बारनवापाऱ्याचं फाटक पाहिलं, अचानकमारचं फाटक पाहिलं, कांगेरचं तर तीनदा पाहिलं. फाटकासमोर बस उभी राही, नरहरराव माईक हातात घेत आणि आत काय काय आहे ते पाऊण तास सांगत. "जनावर दिसणं म्हणजे जंगल नाही," ते म्हणत, "पावसाळ्यातलं जंगल समजून घ्यावं लागते." खरी मेख वेगळी होती. हिवाळ्यात गेलं की जिप्सीत वनखात्याचा गाइड बसतो आणि तो बोलतो. पावसाळ्यात गाइड नाही, वाघ नाही, हरीण नाही. बोलायला फक्त नरहरराव.

या सहलींना त्यांनी एक पद्धत लावून दिली होती. पहिल्या वर्षी त्यांनी बसमध्ये डोकी मोजली तेव्हा अनंतराव भडकले होते: "आम्ही काय मेंढरं आहो?" तेव्हापासून मोजणं बंद. यादी घराची; घराचं आडनाव पुकारायचं आणि घरच्या बाईने उत्तर द्यायचं. तसंही त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, "आमचे सगळे आले" एवढंच म्हणतात. बाईचा शब्द म्हणजे सही. मग तीन शिट्ट्या, आणि तिसरीनंतर गाडी कोणासाठी थांबणार नाही. अचानकमारला मंडळातल्या हरिदासची ऐंशीची आई शौचाला गेली होती, तिच्यासाठीही थांबली नव्हती. दोन किलोमीटर पुढे नेऊन बस उभी केली, म्हातारी भर पावसात चालत आली, रडत. नरहरराव ती चाल दरवर्षी माईकवर करून दाखवत, आणि बस हसे. हरिदासही हसे, काय करतो.

उरलेला सगळा विनोद पद्मिनीबाईंवर. त्यांचे गुडघे, त्यांचं वजन, त्यांचं घोरणं, लग्नात त्यांनी सत्यनारायणाच्या प्रसादाची वाटी कशी दोनदा चाटली ते. बाई खिडकीशी बसून बाहेर बघत. कांगेर घाटीतल्या तीरथगढच्या धबधब्याला दोनशेच्या वर पायऱ्या, त्या उतरणं बाईंना शक्य नव्हतं. त्या दिवशी बस तिथे पोचली तेव्हा नवऱ्याने माईकवर जाहीर केलं, "मंडळी, एक नग जड सामान गाडीतच राहील. ड्रायव्हर भैया, लक्ष ठेवा, चोर नेणार नाही, त्याले उचलवणार नाही."

बस हसली. बाईंनी पर्स मांडीवर घेतली. "तुमचा फोन द्या," त्या म्हणाल्या, "भिजेल." नरहररावांनी फोन दिला आणि खाली गेले.

ऑगस्टमधला तीरथगढ म्हणजे पाणी नव्हे, लाल चिखल कोसळत असतो. कड्याच्या पायरीपायरीवर तो फुटतो आणि खालच्या माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. नरहररावांना ते दर वेळी खटके. या खेपेला त्यांनी त्यावर तोड काढली होती. फ्लेक्सचा सहा फुटी फलक छापून आणला होता: 'पावसात रान दाखवलं, आता मंडळाला दिशा दाखवू', बाजूला तोंडात शिट्टी घेतलेले स्वतः. तो त्यांनी रेलिंगला बांधला, समोर अडतीस माणसं उभी केली, फोटो काढवला. अनंतराव मुद्दाम अशा जागी उभे राहिले की फोटोत 'दिशा' हा शब्द झाकला गेला.

सगळे धापा टाकत वर आले. नरहररावांच्या लक्षात आलं की फलक खालीच राहिला. बसजवळ सुशील उभा होता, मंडळाचा तरणा चिटणीस. मराठी समजतं, बोलतो हिंदी. त्याच्या हातात त्यांनी यादी आणि शिट्टी दिली.

"काका, आप आओगे तब तक रुकूं ना?"

"हजेरी घे तोवर. बाईनं हो म्हटलं की टिक मार, पुढं जा. डोकी मोजत बसू नको."

"और सीटी?"

"हजेरी झाली की तीन. मी काही पहिल्यांदा पायऱ्या उतरून राहिलो काय?"

फलकाच्या गाठी पाण्याने फुगल्या होत्या. दातांनी सोडाव्या लागल्या. ते वर आले तेव्हा बसच्या जागी बसच्या आकाराचा कोरडा चौकोन होता, आणि तोही भिजत चालला होता.

त्यांना हसू आलं. त्यांचाच डाव त्यांच्यावर, दोन किलोमीटरवर उभे असतील. धावत जाण्यात शोभा नव्हती. भावी अध्यक्ष पावसात धावत नाही. ताडपत्रीखाली एक बाई भुट्टे भाजत होती आणि तिच्या शेजारी पार्किंगच्या चिठ्ठ्या फाडणारा माणूस बसला होता. नरहरराव त्यांच्यापासून जरा अंतर ठेवून उभे राहिले. छत्री बसमध्ये होती. अर्ध्या तासाने त्यांनी फलक उलगडला आणि अंगाभोवती गुंडाळला. छापील नरहरराव पाठीवर आले.

"बस तो गई, बाबूजी," चिठ्ठीवाला म्हणाला.

"मजाक कर रहे हैं. हमारे ही लोग हैं."

"घरवाली साथ में थी?"

"थी."

चिठ्ठीवाल्याने भुट्ट्याचे चार दाणे तोंडात टाकले. "हमारे इधर तो बकरी भी गिनके ले जाते हैं," तो म्हणाला. भुट्टेवाली खाली बघून कोळशाला वारा घालत राहिली. तिचे खांदे हलत होते.

तासाभराने त्यांनी चिठ्ठीवाल्याचा फोन मागितला. नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यावर चढलं की तिथे रेंजची एक काडी येते, असं त्याने सांगितलं. नरहरराव चढले. आणि तिथे त्यांना कळलं की जगातला एकच नंबर त्यांना पाठ आहे, स्वतःचा. बायकोचा त्यांनी 'घर' म्हणून ठेवला होता, तो कधी बोटांनी लावला नव्हता. त्यांनी स्वतःचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. अकरा वेळा लावला, अकराही वेळा पूर्ण वाजून बंद झाला. तेवढ्यात जगदलपूरचे चार पोट्टे दोन मोटारसायकलींवर आले. पुलाच्या कठड्यावर स्वतःचाच फोटो पांघरून, फोन आभाळाकडे धरून उभा असलेला म्हातारा त्यांना धबधब्यापेक्षा आवडला. त्यांनी फोटो काढले. फलकावर मंडळाचं नाव, गाव, सगळं होतं, त्यामुळे फोटो कुठे पोचवायचा हा प्रश्नच नव्हता.

शेवटी एका पिकअपने त्यांना जगदलपूरला नेलं. पुढे ड्रायव्हर आणि त्याचा मेहुणा होता. मागे कोंबड्या आणि नरहरराव.

तिकडे बस केशकालच्या घाटावर चहाला थांबली तेव्हा कळलं की माणूस नाही. हा भाग नंतर नरहररावांना नऊ तोंडांनी सांगितला, आणि नऊही जणांनी 'तुम्हाला वाईट वाटेल, पण' अशी सुरुवात केली. सुशील पांढरा पडला होता. मागे जायचं तर येऊन-जाऊन सात तास. अनंतरावांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि फार हळू आवाजात म्हणाले, "मंडळी, मी काही बोलत नाही. मी विरोधी उमेदवार आहे. वहिनींनीच सांगावं काय करायचं."

सगळ्यांनी खिडकीतल्या पद्मिनीबाईंकडे पाहिलं. त्या नुकत्याच झोपेतून उठल्या होत्या, गालावर सीटच्या शिवणीचा वळ होता.

"गाडी थांबत नाही म्हणते ना," त्या म्हणाल्या. "त्याईचाच नियम आहे."

अनंतराव आणि बाई सोडून बाकीच्यांचं हात वर करून मत घेतलं. रायपूर, छत्तीस. मागे, एक. तो एक हात हरिदासच्या आईचा होता, आणि तिला ऐकू कमी येत असल्याने प्रश्न कळला होता की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरहरराव भाटागावच्या बसस्टँडवरून रिक्षाने घरी आले. केसांत पिसं होती. फोटो त्यांच्या आधी पोचला होता. मंडळाच्या ग्रुपवर सत्तावन्न जणांनी त्यावर हसणारी तोंडं टाकली होती आणि एकाने खाली लिहिलं होतं, 'दिशा सापडली का?' पद्मिनीबाईंनी पाणी तापवून ठेवलं होतं.

"काहून 'हो' म्हटलं तू?"

"मले वाटलं मागं पत्ते खेळून राहिले."

"फोन नाही ऐकला?"

"पर्समध्ये होता."

नरहररावांनी विचार केला, आणि तेहतीस वर्षांच्या नोकरीत केला नसेल असा केला. कुजबुज तोवर भाजीच्या ठेल्यापर्यंत गेली होती. बाईने मुद्दाम केलं म्हणावं, तर ज्याला घरची बायको सोडून देते त्याला मंडळ काय धरणार. चूक म्हणावी, तर चूक माणसाची असते, चालून जाते. शुक्रवारी त्यांनी बायकोला समोर बसवलं.

"रविवारी तुले उठून सांगायचं आहे. चूक झाली म्हणून."

"बरं."

"'मले वाटलं ते बसले' म्हण, एवढंच. जास्त बोलू नको."

"बरं."

"अन् हसू नको."

"मी कधी हसते?" पद्मिनीबाई म्हणाल्या.

रविवारी सभागृह भरलं होतं, जे गणपतीतही भरत नाही. पद्मिनीबाई गुडघ्यावर हात रोवून उठल्या आणि शिकवलं होतं तेवढंच बोलल्या. नरहररावांनी श्वास सोडला. तेव्हा अनंतराव उठले, चष्मा पुसला.

"वहिनींवर पूर्ण विश्वास आहे. एकच विचारतो. गार्डसाहेबांची पद्धत तुम्ही बरोबर पाळली ना?"

"हव. बाईनं हो म्हटलं की माणूस आला."

"म्हणजे आला असो का नसो."

"तशीच पद्धत आहे त्याईची," बाई म्हणाल्या आणि बसल्या.

पहिलं हसू मागच्या रांगेतून आलं. मग ते पुढे सरकलं, आणि नरहररावांच्या खुर्चीपाशी येऊन थांबलं नाही. अनंतरावांना पुढे भाषण करावंच लागलं नाही. अकरा वर्षं ज्या माणसाने जंगलाचं फाटक दाखवलं आणि माणसं न मोजता मोजली, त्याला सात मतं पडली. हरिदासने मत कोणाला दिलं ते त्याने सांगितलं नाही, पण पेढा दोनदा घेतला.

पुढच्या डिसेंबरात अनंतरावांनी सहल नेली, बारनवापाऱ्यालाच, फाटकाच्या आत. डोकी मोजली, कोणी मेंढरं म्हटलं नाही. गवे दिसले, सव्वीस. नरहरराव गेले नाहीत. पद्मिनीबाई गेल्या, जिप्सीत पुढे बसल्या, आणि घरी येऊन त्यांनी गव्याच्या पायांना पांढरे मोजे असतात हे नवऱ्याला सांगितलं. हे त्यांना अकरा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. नरहरराव आता माणसांत फारसे बोलत नाहीत. संध्याकाळी गॅलरीत बसतात, आणि खालून जाणारी पोरं तोंडाने तीन शिट्ट्या मारून पळतात. बायकोला त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

पद्मिनीबाईंची खिडकी पायऱ्यांच्या बाजूला होती. नवरा फलक आणायला पुन्हा खाली उतरताना त्यांनी पाहिला होता, वर येताना पाहिला नव्हता. सुशीलने 'वाटकर' पुकारलं तेव्हा त्या "हव, बसले मागं" म्हणाल्या. फोन अकरा वेळा वाजला तो त्यांनी अकराही वेळा ऐकला. तिसऱ्या वेळी पर्स पायाखाली सरकवली. ड्रायव्हरला काही सांगितलेलं नव्हतं, डबा सकाळी भरलेला होता. त्यांना झोपायचं होतं, आणि नवरा गाडीत असता तर माईक रायपूरपर्यंत चालू राहिला असता.