वुडलँड्सच्या मैदानावरून मी उचललेली ताटली

मला फुटबॉल खेळता येत नाही. तरीही नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या नगरच्या चर्चच्या मंडळीतून जे सात विद्यार्थी फुटबॉल स्पर्धा भरवायला सिंगापूरला गेले, त्यांत मी होते. तरुण संघाचा पुढारी संजयदादा म्हणाला होता, "पोरं खेळवतील, पण मैदान कोण झाडणार? सुनीताला घ्या." श्रमदानाच्या शिबिरांत माझं नाव होतं. आई म्हणाली, "झाडूच मारायचा तर एवढ्या लांब कशाला?" म्हटलं, अगं, समुद्र तर ओलांडेन!

बोलावणं साळवेकाकांचं. ते मूळचे आमच्याच मंडळीतले, तिथे बंदरात मरीन इंजिनिअर. त्यांच्या चर्चला शेजारपाजारच्या लोकांशी ओळख वाढवायची होती. "प्रवचनाला कोण येतंय? चेंडू टाका, सगळे येतात," हे काकांचं गणित. म्हणून आमचं सेवाकार्य म्हणजे दोन दिवस, आठ संघ आणि इमारतींमधलं एक हिरवं मैदान.

आता विमानतळावरून थेट एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, मिळते, तेव्हा नव्हती. काका दोन टॅक्सी घेऊन आले आणि आम्ही बेटाच्या पार उत्तर टोकाला, वुडलँड्सला पोहोचलो. काकांचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, आणि लिफ्ट थांबायची पाचव्यावर नाहीतर नवव्यावर! बॅगा घेऊन दोन मजले चढताना एवढ्या श्रीमंत देशाच्या नावाने मी पुष्कळ बडबडले. पण काकूंनी वरणभात वाढला आणि खिडकीतून पलीकडे मलेशियाचे दिवे दिसले, तेव्हा राग उतरला.

दुसरा दिवस नावनोंदणीत गेला. तिथे इमारतींचा तळमजला मोकळाच असतो. आम्ही टेबल मांडलं आणि काकांची बारा वर्षांची रूथ दुभाषी झाली. मी मराठीत विचारायचे, ती पोरांना विचारून "कॅन लाह!", म्हणजे 'जमेल की', सांगायची. पहिली नोंद काकांच्याच इमारतीच्या संघाची झाली. कप्तान जिमी, वीस वर्षांचा, हसरा. दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मार्केटमध्ये, अडीच डॉलरला चिकन-राइस खाल्ला. नुसता उकडलेला कोंबडा असा लागू शकतो, हे मला नगरमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही गेलात तर आल्या-मिरचीची चटणी मागून घ्या. फुकट असते.

शनिवारी दुपारी तीनला पहिला सामना होता. सकाळी उजाडता उजाडता आमच्या सातांतली विनया आणि मी झाडू घेऊन मैदानात उतरलो. गोलखांबाशी, गवतात, एक ताटली ठेवलेली. भात, कोंबडीचे तुकडे, तीन संत्री. शेजारी उदबत्त्या जळत होत्या आणि जळक्या कागदाची राख पडली होती.

विनया जागच्या जागी थिजली. "सुने, उतारा! कुणीतरी आपल्या स्पर्धेवर करणी केलीय. हात लावू नकोस."

आता हे माझ्या आवडीचं काम. शिबिरात तिठ्यावरचा उतारा बिनदिक्कत उचलून फेकणारी मुलगी म्हणून माझं कौतुक व्हायचं, लोक टाळ्या वाजवायचे. "करणीबिरणी काही नसतं गं," म्हणत मी चपलेने उदबत्त्या विझवल्या आणि ताटली काळ्या पिशवीत ओतली. वर राखही झाडून टाकली. स्वतःवर खूश होते मी.

तेवढ्यात इमारतीकडून एक बुटकी, पिकल्या केसांची बाई आली. तिच्या हातात वाफाळत्या कॉफीचा मग. तिने खांबाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे. आणि कॉफी तशीच घेऊन परत फिरली.

तासाभरात जिमी खाली आला. आज हसत नव्हता. मघाची ती कॉफीवाली बाई त्याची आई, लिम आंटी. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्याच मैदानावर तो या पोरांना फुटबॉल शिकवायचा. तो महिना त्यांच्याकडे गेलेल्या माणसांचा, आपल्या पितृपक्षासारखा. तिने नवऱ्याचं जेवण मांडलं होतं आणि त्याची कॉफी आणायला ती वर गेली होती.

"आम्ही खेळणार नाही," जिमी म्हणाला. दहा वाजेपर्यंत आणखी दोन संघांनी नाव काढून घेतलं. का नाही काढणार? परदेशातून चर्चची पोरं आली आणि पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या मेलेल्या माणसाचं ताट कचऱ्यात घातलं!

काका माझ्यावर कडाडले, "नसतं शहाणपण कुणी सांगितलं होतं तुला? मला इथेच राहायचंय!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. संजयदादा म्हणाला, "जा, माफी माग. तीनच्या आत मिटव."

रूथला घेऊन मी वर गेले. आंटीने लाकडी दार उघडलं, लोखंडी जाळीचं नाही. जाळीआडून तिने विचारलं, "तुला मॅच पाहिजे, का सॉरी बोलायचंय?"

तिची इंग्रजी तोडकी, माझी त्याहून. पण प्रश्न स्वच्छ कळला. खोटं बोलवेना. "मॅचसाठीच पाठवलंय मला," मी म्हटलं. "पण सॉरी माझं आहे. मला वाटलं ती काळी जादू आहे. आमच्याकडे मी असलं फेकते, तर लोक टाळ्या वाजवतात."

"माझा नवरा काळी जादू?"

मला रडूच कोसळलं. जाळीला धरून हमसाहमशी रडले. रूथ बिचारी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. आंटी तशीच उभी राहिली. माझं रडणं ओसरल्यावर म्हणाली, "त्याला मार्केटमधला चिकन-राइस आवडतो. घेऊन ये. आणि ताटली तू धरायची."

खाली संजयदादाचा चेहरा पडला. "नगरला गेल्यावर पाळकसाहेबांना काय सांगायचं? आपण असलं चालवून घेतो का?" मी म्हटलं, दादा, मी उदबत्ती लावणार नाही, हात जोडणार नाही. पण भरलेलं ताट मी सांडलंय, तर भरलेलं ताट उचलायला कुठल्या शास्त्रात मनाई आहे? दादा चिकन-राइसच्या रांगेत माझ्यामागे येऊन उभा राहिला.

अडीच वाजता भर उन्हात मी ताटली धरून गोलखांबाशी उभी. आंटीने उदबत्त्या लावल्या, ताटली माझ्या हातातून घेऊन खाली ठेवली, शेजारी कॉफी. मैदानाच्या कडेला बूट घातलेली सगळी पोरं मुकाट उभी होती, मलय मुसलमानांच्या संघातलीसुद्धा. उदबत्त्या जळून संपेपर्यंत कुणी चेंडूला पाय लावला नाही. मग आंटी जिमीला चिनी भाषेत काहीतरी म्हणाली. रूथने सांगितलं, "उभं काय राहिलायस, खेळ, म्हणाली."

स्पर्धा तासभर उशिरा सुरू झाली आणि झकास झाली. जिमीचा संघ रविवारी उपांत्य फेरीत हरला. मलय पोरांनी करंडक नेला आणि त्यांच्या आयांनी आम्हा सगळ्यांना नारळाच्या दुधातला भात खायला घातला. काका सोमवारपर्यंत माझ्याशी हसून बोलायला लागले होते.

नगरला परतल्यावर रविवारी उपासनेनंतर अहवाल द्यायचा होता. संजयदादाने संघ, सामने, पाहुणचार सगळं व्यवस्थित सांगितलं आणि ताटलीचा विषय टाळला. माझ्यासाठीच टाळला, भला माणूस. पण मला बसवेना. मी उठले आणि सगळं सांगून टाकलं. देवळात, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, कुजबुज सुरू झाली. पाळकसाहेब काही बोलायच्या आत पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या शांताबाईंनी विचारलं, "मग त्या बाईने माफ केलं का गं तुला?"

"तसं ती म्हणाली नाही," मी म्हटलं. "पण निघायच्या दिवशी सकाळी तिने मला खाली बोलावलं. नव्या ताटलीत जेवण मांडलं, उदबत्त्या लावल्या आणि म्हणाली, 'मी कॉफी आणते. तू इथे थांब, लक्ष ठेव.' आणि मला एकटीला तिथे सोडून ती वर गेली."