सासरेबुवांचा हेला

कादंबरीतला वकील नेमका कात्रीत सापडला होता, तेवढ्यात डोमाजी दारात येऊन उभा राहिला.

तेव्हा मी चांद्याला वकिली सुरू करून थोडेच दिवस झाले होते. घराची पुढची खोली हेच माझं ऑफिस. दुपारी अशील फारसे येत नसत. आमच्या बारमधले सीनियर वकील काझीसाहेब इंग्रजी कादंबऱ्या वाचायला देत. मी त्या वाचून मराठीत सांगायचो आणि शांता, माझी बायको, दाराशी बसून तांदूळ निवडत ऐकायची. या कादंबरीत एका खुनाच्या आरोपीचा बचाव करणारा वकील होता. आरोपी निर्दोष असल्याचं त्याला कळलेलं, पण ते सांगितलं होतं वकिलाच्याच सख्ख्या भावानं, घरात, विश्वासानं. कोर्टात बोलावं तर भाऊ अडकणार, गप्प बसावं तर आरोपी फासावर जाणार.

"मग काय केलं त्यानं?" शांतानं विचारलं, आणि डोमाजी खाकरला.

डोमाजी सावली गावाकडचा धानाचा शेतकरी. त्याच्यावर हेला चोरल्याचा खटला होता. हेला म्हणजे रेडा. आमच्याकडे धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, चिखलणी हेल्यांवरच होते, त्यामुळे ऐन हंगामात हेला गेला की माणसाचा हातच गेला.

"फिर्यादी कोण?" मी विचारलं.

त्यानं नाव सांगितलं. दाराशी सुपाचा आवाज थांबला.

"डोमाजी, ते माझे सासरे आहेत."

"मले माहीत आहे ना वकीलसाहेब. म्हणूनच तं आलो! त्यायले तुमच्यापेक्षा जास्त कोण वळखते?"

त्याचं म्हणणं साधं होतं. हेला स्वतःच त्याच्या बांधीत शिरला, धान तुडवलं. त्यानं तो धरून रस्त्यालगत आपल्या अंगणात बांधला, कोंडवाड्यात न्यायचा म्हणून. त्याआधी दोघांचं पाण्याच्या पाटावरून भांडण झालेलं. सासऱ्यांनी रागाच्या भरात रिपोर्ट दिला की, गोठ्यातून दोर सोडून हेला नेला. चोरी ठरायला बेइमानीचा हेतू लागतो. हेला आपणहून गेला असेल तर चोरी नाही; गोठ्यातून सोडून नेला असेल तर डोमाजी तुरुंगात.

आणि खरं काय ते मला ठाऊक होतं. त्या भांडणाच्या थोडं आधी सावलीला सासरी जेवताना मामाजी, म्हणजे सासरे, स्वतःच हसत म्हणाले होते, "आपला हेला रोज दोर तोडते अन् डोमाजीच्या बांधीत मुक्कामाले जाते!" मीही पोट धरून हसलो होतो.

डोमाजी गेल्यावर शांता म्हणाली, "आता पुस्तक पुरं करा. त्या वकिलानं काय केलं ते तं पाहू."

शेवट वाचला. त्यानं खटला दुसऱ्या वकिलाला दिला आणि भावाचं गुपित हळूच त्याच्या कानात घातलं. आरोपी सुटला. लेखकाच्या मते तो वकील मोठा धोरणी होता.

"हा तं चोर आहे," शांता म्हणाली. "सोता खिशात हात घातला नाई, दुसऱ्याले खिसा दाखवला."

"मग मी काय करू?"

"बाबा जेवताना बोलले ते कोर्टात नेऊ नका. अन् डोमाजीकाकाले सोडू बी नका."

"दोन्ही कसं जमणार?"

"ते तुमी पाहा. वकील तुमी आहा."

काझीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मियाँ, नातं आहे ते मॅजिस्ट्रेटला उघड सांगा. आरोपीची हरकत नसेल तर चालवा. लपवलं की मेलात."

तारखेला मी उभा राहिलो आणि आधी नातं सांगितलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि डोमाजीला विचारलं, "तुझी हरकत आहे का?"

"नाई जी. मले हेच पायजे."

सासरे पिंजऱ्यात आले. नवं धोतर, डोक्याला फेटा. सरकारी वकिलांनी विचारलेलं त्यांनी पाठ केल्यासारखं सांगितलं. मग उलटतपासणी, म्हणजे विरुद्ध बाजूच्या वकिलाचे प्रश्न. जेवणातलं बोलणं काढायचं नाही, हे मनाशी पक्कं होतं. म्हणून मी गोठ्यालाच धरून राहिलो.

"गोठ्याला दार आहे?"

"आहे ना."

"हेला दोरानं बांधलेला होता?"

"होता."

"दोर जुना, कुजका होता का?"

सासऱ्यांचा चेहरा लाल झाला. "कुजका? माझ्या घरी कुजका दोर? अंबाडीचा नवा दोर होता!"

"म्हणजे हेल्याला तोडता येण्यासारखा नव्हता."

त्यांनी पिंजऱ्याच्या कठड्यावर हात आपटला. "काऊन तुटणार नाई? माझा हेला काय बकरी आहे? साखळदंड तोडते तो! अन् जावईबापू, तुमी काऊन विचारून राह्यले? तुमाले तं सारं माहीत आहे! तो रोजच दोर तोडून डोमाजीच्या बांधीत जाते म्हटलं, तं जेवता जेवता तुमीच तं हासले होते!"

क्षणभर पंखा ओढणाराही थांबला. मग सगळं कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी टाक उचलला. "हे लिहून घेऊ?"

"लिवा ना जी! खोटं थोडीच आहे?" सासरे म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांना आपण काय बोललो ते उमगलं.

मी खाली बसलो. एवढी चांगली उलटतपासणी मी पुन्हा कधी केली नाही, आणि ही तरी मी कुठे केली होती?

डोमाजी निर्दोष सुटला. व्हरांड्यात सासरे माझ्यासमोर आले. मी मान खाली घातली.

"शांता भाकरी करून राह्यली असन ना?" ते म्हणाले. "डोमाजी, तूबी चाल. सावलीची मोटार संध्याकाळशिवाय नाई."

तिघंही जेवायला बसलो. ते दोघे पाण्याच्या पाटावरून पुन्हा भांडले आणि एकाच मोटारीनं गेले. पुढच्या वर्षी पाटाचा तंटा कोर्टात आला, तेव्हा दोघांनीही माझ्याकडे वकीलपत्र आणलं. मी दोघांनाही काझीसाहेबांच्या घराचा रस्ता दाखवला.

नव्या वकिलांना मी एवढंच सांगतो. साक्षीदार खोटं बोलत असेल तर त्याच्या खोट्याच्या मागे लागू नका. त्याच्या जनावराबद्दल विचारा.